बडबडीचं पाणी

गिझेला युरिष्काला गप्प बसवणं पूर्व जर्मनीतल्या आमच्या गावात कुणाला जमलं नव्हतं. पाद्र्याला नाही, जुन्या कम्युनिस्ट राजवटीतल्या पार्टीवाल्यांना नाही, तिच्या नवऱ्याला तर नाहीच. तो बिचारा प्रयत्न न करताच देवाघरी गेला. ते काम शेवटी एका वकिलाच्या नोटिशीने करायला घेतलं. कसं ते सांगतो. सांगताना माझं डोकं फिरेल, तर फिरू दे.

गिझेलाचा जवसाच्या तेलाचा घाणा आहे. तिच्या बापाचा होता, मधल्या काळात सहकारी शेतीने गिळला, बर्लिनची भिंत पडल्यावर हिने कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून तो परत मिळवला. मी इथल्या कोळशाच्या खाणीत खोदाईचं अवजड मशीन चालवायचो. खाण बंद झाली, सरकारने हातात एक माहितीपत्रक दिलं, त्यावर हसऱ्या माणसांचे फोटो होते. पन्नाशी उलटलेल्या माणसाला काम कोण देतो? गिझेलाने दिलं. म्हणाली, "लोथार, तू अख्खी शेतं उकरून काढलीस, आता बी भाजायला शिक. पाप फेड." शिकलो. बी भरडायचं, मंद आचेवर हलवत भाजायचं, दाबाखाली घालायचं. तेल एका बाजूला, पेंड दुसऱ्या बाजूला. पेंड गुरांना, तेल माणसांना.

आमच्या भागात उकडलेले बटाटे, चक्का, बारीक चिरलेला कांदा आणि वरून जवसाचं तेल, हे जेवण. बाकी सगळं सणासुदीचं. लग्नात मुलगी काय रांधते हे कुणी विचारत नाही, तेल कुणाकडचं आणते ते विचारतात. आणि हे तेल खाल्लं की माणूस धडधाकट राहतो, हे इथं दूध पिणाऱ्या पोरापासून कवळी लावणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. माहीत असणं हा गुन्हा नाही. सांगणं हा आहे. ते पुढे येतं.

जवसाचं तेल लवकर कडवट होतं. साठवून ठेवता येत नाही, पिळलं की विकायला लागतं. खाण गेली तशी गावं रिकामी झाली, बाजारात गिऱ्हाईक उरलं नाही. जे शहरात गेले त्यांना मात्र घरच्या तेलाची आठवण यायची. म्हणून गिझेलाने इंटरनेटवर दुकान मांडलं आणि घाण्याचं एक पेज उघडलं. साठी जवळ आलेली बाई, एका बोटाने टाइप करते, पण काम असं नेटकं की बघत राहावं. पेजच्या तळाशी नाव, पत्ता, फोन, जे जे कायद्याने लागतं ते सगळं. दुसऱ्याचा एक फोटो तिने कधी उचलला नाही. गावच्या बँडचा व्हिडिओ टाकायचा होता, तर ती प्रत्येक वाजवणाऱ्याच्या दारात गेली, सही घेतली, ढोलवाल्याच्या बायकोचीसुद्धा, कारण ती मागे उभी दिसत होती. शेवटी गाण्याचे हक्क कुणाकडे ते कळेना म्हणून व्हिडिओ टाकलाच नाही. मी हसलो होतो. ती म्हणाली, "दुसऱ्याचं ते दुसऱ्याचं. हसायचं काय त्यात?"

एवढी जपणारी बाई कशात अडकली? तर चांगल्या वळणात.

आमच्याकडे कुणी आभार मानले आणि तुम्ही उत्तर दिलं नाही, तर तुम्हाला आईबापाने वाढवलं नाही असं समजतात. दारातून माणूस गेला तरी मागून "तुमचेही आभार" म्हणावं लागतं. गिझेला पेजवर तेच करायची. कुणी लिहिलं की तेल छान आहे, ही लिहायची, आनंद वाटला. कुणी लिहिलं की पार्सल वेळेत मिळालं, ही त्याला लाल बदाम द्यायची, ते फोनवरचं हृदयाचं चिन्ह. एकाही माणसाला तिने बिनउत्तराचं ठेवलं नाही. गिऱ्हाइकं त्यासाठीच येत होती. तेल काय, दुसरीकडेही मिळतं.

रोस्टॉक शहरातल्या टीडेमानबाई आमच्या जुन्या गिऱ्हाईक. एकट्या राहतात, विणकाम करायच्या, मग बोटांचे सांधे आखडले आणि सुया पेटीत गेल्या. त्यांनी पेजवर लांबलचक लिहिलं की रोज सकाळी चमचाभर तुमचं तेल घेते, माझी बोटं सुटली, मी पुन्हा विणते आहे, देव तुमचं भलं करो. गिझेलाने त्याखाली लिहिलं: "वाचून डोळे भरून आले. असंच चालू ठेवा." आणि बदाम.

झालं. एवढंच.

नोटीस आली ती पलीकडच्या गावच्या केर्स्टिन शिमाकच्या वकिलाकडून. ओढा ओलांडला की केर्स्टिनचा घाणा. दोघींचे बाप एकमेकांना बी उसनं द्यायचे, दोघी शाळेत एका बाकावर नव्हत्या इतकंच, कारण केर्स्टिन लहान. नोटिशीत म्हटलं होतं की खाण्याच्या वस्तूने आजार बरा होतो अशी जाहिरात करायला बंदी आहे. टीडेमानबाईंनी लिहिलं ते त्यांचं मत, पण गिझेलाने बदाम दिला, "चालू ठेवा" म्हटलं, तेव्हा ते बोलणं तिचं झालं, म्हणजे घाण्याची जाहिरात झाली, म्हणजे इतर घाणेवाल्यांवर अन्याय झाला. सोबत हमीपत्र जोडलं होतं: असं पुन्हा कधीही, कुठेही होणार नाही, झालं तर दर वेळेला मोठा दंड. ईस्टरनंतरच्या मंगळवारपर्यंत सही करून पाठवा, नाहीतर कोर्टात.

मी शिव्या दिल्या. कुणाला दिल्या ते लिहीत नाही, यादी लांब आहे. हा कायदा करणाऱ्यांनी कधी कुणाचे आभार मानले नसतील. कारखान्यात बनवलेली भुकटी रंगीत डब्यात भरून विकणारे चकचकीत लोक असली वाक्यं वकिलाकडून धुऊन घेतात आणि सुटतात. अडकते ती एका बोटाने टाइप करणारी बाई.

गावात ज्याला त्याला सल्ला सुचला. आणि सगळ्यांचा एकच: सही कर आणि मोकळी हो. आमचा माणूस असाच आहे. वकिलाच्या शिक्क्याचा कागद आला की त्याला आधी आपण गुन्हेगार वाटायला लागतो, मग पेन शोधतो. अग्निशमन दलाचा एक्हार्ट, जो आग लागली की सगळ्यात शेवटी येतो, तो म्हणाला, "एक सही तर आहे गिझेला, लग्नात नव्हती केली?" ती म्हणाली, "ती मोडता तरी येते."

तिने सही केली नाही. कॉटबुसला गेली, मला बरोबर नेलं, कारण तिला शहरात गाडी लावता येत नाही.

वकीलबाई हेल्बिश. टेबलावर सफरचंद, चष्मा केसांत. तिने आमचं पेज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, प्रत्येक फोटोला बोट लावून विचारलं, हा कुणाचा, परवानगी आहे का. गिझेला एकेक सांगत गेली. वकीलबाई म्हणाली की गेल्या कित्येक वर्षांत इतकं स्वच्छ पेज बघितलेलं नाही, आणि तरीही हा एक बदाम खरा आहे, चूक ती चूकच. मग तिने सरळ सांगितलं. बदाम काढा, उत्तर काढा, आजच. आहे तशा हमीपत्रावर सही करू नका, ते जन्मभराचं आहे. उद्या कुण्या दुकानदाराने तुमचं जुनं वाक्य उचलून कुठे चिकटवलेलं निघालं, तरी दंडाला उत्तर तुम्ही द्यायचं. मी थोडं सौम्य करून लिहून देते, त्यावर सही करा.

"सौम्य म्हणजे त्यातही पुन्हा कधीही, कुठेही आहे?" गिझेलाने विचारलं.

आहे, वकीलबाई म्हणाली. त्याशिवाय ते हमीपत्र होत नाही.

"मग नको. माझ्या तोंडाची हमी देते. लोकांनी काय उचलून कुठे चिकटवलं त्याची कशी देऊ? जे पाळता येणार नाही ते मी लिहून देत नाही."

वकीलबाईने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि तिच्याकडे नीट बघितलं. म्हणाली, मग कोर्ट. तिथं हराल, कारण बदाम दिलेला आहे. आणि हरलात तर खर्च असा येईल की घाणा विकावा लागेल. हे तुम्हाला कळतंय ना? गिझेला म्हणाली, कळतंय. आवाज सरळ होता.

निघताना वकीलबाईने आणखी एक सांगितलं. त्या शिमाकबाईशी एक शब्द बोलू नका. फोन नाही, चिठ्ठी नाही, रस्त्यात भेट झाली तरी नाही. माफी मागितलीत तर कबुली होईल. रागावलात तर धमकी होईल. तुमच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द तिच्या वकिलाच्या फाइलीत जाईल. आणि माझ्याकडे वळून म्हणाली, तुम्हीही पेजवर काही लिहू नका, नोकराचं बोलणं मालकाच्या अंगावर येतं. म्हणजे माझीही जीभ बांधली.

त्या दुपारी गिझेलाने टीडेमानबाईंची सगळी कमेंटच काढून टाकली. मग रोस्टॉकला फोन लावला. न सांगता काढणं तिला पटेना. मी बाटल्यांना लेबलं लावत होतो, एका बाजूचं ऐकू येत होतं, पण पलीकडचा आवाज चढला तेव्हा तोही ऐकू आला. बाईंना लागलं होतं. "म्हणजे मी खोटं बोलले का?"

"नाही हो बाई," गिझेला म्हणाली. "तुम्ही खरंच बोललात. मी त्याला हो म्हणायला नको होतं."

पलीकडून फोन ठेवला गेला. गिझेला बराच वेळ भाजणीच्या कढईपाशी उभी राहिली. बी करपायला लागलं तेव्हा मी जाऊन आच बंद केली. तिच्या हातून बी करपलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

आता केर्स्टिनचं सांगायला हवं, कारण ती राक्षसीण नाही, असती तर मला सोपं गेलं असतं. काही वर्षांपूर्वी तिलाही अशीच नोटीस आली होती, पश्चिमेकडच्या कुठल्याशा संस्थेकडून. तिने आमच्या लोकांसारखंच केलं, त्याच संध्याकाळी सही करून मोकळी झाली. मग कुठल्या तरी आडबाजूच्या साइटवर तिचं जुनं वाक्य राहून गेलेलं निघालं. दंड भरायला तिने दुसरा घाणा विकला, बापाने हौसेने घेतलेला. तेव्हापासून ती पेजवर फक्त भाव आणि वजन लिहायची. कुणाला उत्तर नाही, आभार नाहीत. गिऱ्हाईक म्हणायला लागलं, शिमाकची बाई घुमी झाली. आणि ते गिऱ्हाईक ओढा ओलांडून आमच्याकडे आलं, कारण आमची बोलायची. मी कायदा पाळून उपाशी आणि ती मोडून खाते, हे केर्स्टिनचं म्हणणं. ते अगदीच चूक नव्हतं. मला हे लिहायला आवडत नाही, पण आहे.

आवडत नव्हतं म्हणूनच मी तिच्या पेजवर खोदायला बसलो. खोदणं हे माझं आयुष्यभराचं काम. आणि मला सापडलं. गेल्या शरद ऋतूत ड्रेस्डेनच्या कुण्या माणसाने तिच्या पेजवर लिहिलं होतं की तुमचे वडील स्वतः बाटली भरून द्यायचे, देवमाणूस, त्यांच्या तेलाने माझ्या आईचं रक्तदाबाचं औषध सुटलं. आणि खाली केर्स्टिनचा बदाम. सही केल्यानंतरचा. हमीपत्र तिच्या डोक्यावर टांगलेलं असताना दिलेला.

मी स्क्रीनशॉट काढला, गिझेलाला पाठवला, नाचायचं तेवढं बाकी ठेवलं. वकीलबाईला फोन केला. ती म्हणाली, हे हत्यार आहे. त्या जुन्या संस्थेला कळवलं तर शिमाकबाईंचा उरलेला घाणाही जाईल. कळवायचं नसेल तर तिच्या वकिलाला मी नुसतं दाखवते, दोन्ही बाजू मागे हटतील. कसं करायचं ते तुम्ही ठरवा, पण मंगळवारच्या आत.

गिझेलाने तो फोटो पुन्हा पुन्हा बघितला. मला वाटलं, खूश आहे.

"तिने तेल वाचलंच नाही," ती म्हणाली. "बापाचं नाव वाचलं आणि बदाम दिला."

मी म्हटलं, "तूही टीडेमानबाईंची बोटं वाचलीस. तुला कुणी सोडलं?"

"म्हणून तर म्हणते."

"म्हणून तर काय? वकील बरोबर सांगतेय. दाखव आणि सूट."

"ते हत्यार एकदा वकिलांच्या टेबलावर गेलं की कुणाचं राहील लोथार? आज तिच्या वकिलाला दाखवलं, उद्या ते त्या संस्थेकडे गेलं तर? मग तुझी सही आहे का, की जाणार नाही म्हणून?"

मी तिला मूर्ख म्हटलं. तोंडावर म्हटलं. ती म्हणाली, मूर्ख तर मूर्ख, शनिवारच्या बाटल्या भरून ठेव.

ईस्टरच्या रविवारी आमच्याकडे बायका ओढ्यावर पाणी आणायला जातात. सूर्य उगवायच्या आत. घरून निघाल्यापासून घरी परत येईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, हसायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. असं आणलेलं पाणी वर्षभर नासत नाही, तोंड धुतलं की कांती येते, गुरांवर शिंपडलं की दुखणं येत नाही. पण वाटेत एक शब्द जरी तोंडातून गेला तरी संपलं, ते बडबडीचं पाणी. झाडाला घालायच्या लायकीचं. गड्यांचं काम पुलावर उभं राहून त्यांना बोलायला लावायचं. दोन्ही गावांचा ओढा एक, पूल एक. पोरी आता मोठ्या शहरांत गेल्या, म्हणून म्हाताऱ्याच येतात, पण येतात.

त्या वर्षी पुलावर आम्ही थोडेच होतो, नाकातून वाफा निघत होत्या. एक्हार्ट जोरात होता. बायका मडकी घेऊन खाली उतरल्या तसा तो सुरू झाला. एकीला म्हणाला, तुझा नवरा खाली पोहायला उतरलाय, कपडे तुझ्या हातात आहेत का. दुसरीला म्हणाला, तुझ्या स्कर्टला उंदीर लटकलाय. बायकांचे खांदे हलत होते, पण तोंडं घट्ट मिटलेली.

गिझेला आमच्या काठावर होती, बापाचं जुनं तपकिरी मडकं घेऊन. पलीकडे केर्स्टिन, तिच्याकडे पत्र्याची किटली. नोटिशीनंतर दोघी पहिल्यांदाच समोर आल्या होत्या. एक्हार्टलाही ते कळलं, आणि त्या माणसाला कुठे थांबावं कळत नाही. तो ओरडला, "केर्स्टिन, वकील आणलायस की घरी ठेवलायस?"

कुणी हसलं नाही. केर्स्टिन वाकून किटली भरत राहिली, पण तिची मान लाल झालेली उजाडत्या उजेडातही दिसली.

गिझेलाने भरलेलं मडकं दगडावर ठेवलं. ओढा तिथं उथळ आहे, पावलं टाकायला धोंडे आहेत. ती एकेक धोंडा चाचपत पलीकडे गेली. मला वाटलं, आता ही बोलते आणि सगळं घालवते. पाणीही आणि घाणाही. ती केर्स्टिनच्या अगदी जवळ जाऊन थांबली, कोटाच्या खिशातून फोन काढला आणि तिच्या तोंडासमोर धरला.

मी वरून काही वाचू शकत नव्हतो, पण मला ठाऊक होतं काय आहे ते. केर्स्टिनने वाचलं. आधी तिला कळलं नाही. मग कळलं. हातातली किटली कलली आणि अर्धं पाणी बुटांवर सांडलं. तिने वर बघितलं. मी त्या नजरेची वाट बघत होतो, खरं सांगतो, महिनाभर त्या नजरेवर जगत होतो. ती नजर आली तेव्हा मात्र मीच खाली पाण्याकडे बघितलं.

तिचे ओठ उघडले. ती विनवणी करणार होती की शिवी देणार होती, कोण जाणे. गिझेलाने बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं. मग तेच बोट फोनवरच्या बदामावर नेलं, आणि तळहाताने पुसल्यासारखं केलं. टेबलावरचे कण झटकावेत तसं.

केर्स्टिन उभीच. गिझेलाने तिच्या हातातली किटली काढून घेतली आणि स्वतः धरली. मग केर्स्टिनने ओल्या हातांनी आपला फोन काढला. बोटं गार पडलेली, पडदा ओला, फोनला बोट कळेना. तिने बोट कोटाला पुसलं, पुन्हा केलं. बराच वेळ लागला. शेवटी तिने फोन वळवून गिझेलाला दाखवला. गिझेलाने मान हलवली.

तिथंच थांबली असती तरी मी तिला शहाणी म्हटलं असतं. कारण पुरावा हातात होता, बदाम काढला तरी फोटो बोलतो. पण तिने आपल्या फोनवरचा तो फोटो उघडला, केर्स्टिनला दिसेल असा धरला, आणि पुसून टाकला. तिच्या देखत. बदल्यात हात पुढे केला नाही, नोटिशीबद्दल काही खूण केली नाही. किटली परत दिली, धोंड्यांवरून अलीकडे आली, मडकं उचललं आणि चालायला लागली. मागे वळून बघायचं नसतं. तिने बघितलं नाही.

मी तिच्या मागोमाग धावलो. वाटभर बोललो. म्हटलं, हे काय केलंस, मंगळवारी ती कोर्टात गेली तर, आता काय दाखवशील, तुझी दानत कोर्टात चालते का, घाणा गेला तर मी कुठे जाऊ, ते तरी बोल. ती मडकं दोन्ही हातांनी छातीशी धरून चालत होती. एक थेंब सांडला नाही. मी रागाने एक दगड लाथाडला, तो तिच्या पुढ्यात जाऊन पडला, तिने त्याला वळसा घातला.

घराचा उंबरा ओलांडला, मडकं टेबलावर ठेवलं, झाकलं. मग माझ्याकडे वळली.

"तुझ्या फोनमधलाही पूस."

"तो माझा फोन आहे."

"पूस लोथार. मी तिला सगळं पुसलं असं दाखवलंय. मला खोटी पाडू नकोस."

वकीलबाई म्हणाली होती की केर्स्टिनशी एक शब्द बोलू नका. ही बोलली नव्हती. कबुली नाही, धमकी नाही, फाइलीत ठेवायला काही नाही. कोर्टाला विचारायचं तर विचारावं, दोन बायका ओढ्यावर पाणी भरत होत्या. आणि ते सगळं करून झाल्यावर हिच्याजवळ स्वतःला वाचवायला काय उरलं होतं? मडकंभर पाणी. मी फोटो पुसला. दात खात पुसला. मी तिच्या जागी असतो तर बटण दाबून तो फोटो त्या संस्थेला धाडला असता, केर्स्टिनचा घाणा गेला असता आणि मला शांत झोप लागली असती. आजही मी तेच म्हणतो. म्हणूनच त्या बाईपुढे टोपी काढतो.

तो दिवस जाता जाईना. गिझेलाने त्या पाण्याने तोंड धुतलं, गाईच्या कपाळाला लावलं, माझ्याही कपाळाला लावायला आली, मी मान वळवली, तरी लावलं.

ईस्टरच्या सोमवारी सगळं बंद असतं. मी तरीही घाण्यावर गेलो, घरी भिंती खायला उठल्या होत्या. गिझेला बटाटे धूत होती. फाटक वाजलं. केर्स्टिन अंगणात उभी, रविवारचाच कोट, हातात काही नाही. आत ये म्हणेपर्यंत ती आली नाही.

"वकिलाला कळवलंय," ती म्हणाली. "नोटीस मागे घे म्हणून. आज सुट्टी आहे, उद्या वाचेल." मग कोटाचं बटण चाचपत, "मी काल बोलणार होते. तू बोट ठेवलंस म्हणून राहिलं."

"काय बोलणार होतीस?"

"वाईट."

"पाणी गेलं असतं तुझं," गिझेला म्हणाली. "अर्धं सांडलंसच. माझ्यातलं घेऊन जा बाटलीभर." आणि मला म्हणाली, "लोथार, कांदा चिर. तिघांचा."

मी कांदा चिरला. केर्स्टिनशी मी त्या दिवशी बोललो नाही, मीठ मागितलं तेवढं दिलं. तेल आमचं होतं. तिने चमच्याच्या टोकाने जिभेवर घेतलं, घाणेवाल्यांची सवय, आणि म्हणाली की भाजणी जरा पुढे गेलीय. गेली होती. त्या करपलेल्या दिवसाची बाटली होती ती, गिझेलाने विकायला नको म्हणून घरात ठेवलेली. मंगळवारी वकीलबाईचा फोन आला, समोरच्यांनी प्रकरण सोडलं. काय केलंत म्हणून तिने विचारलं. गिझेला म्हणाली, "तुम्ही सांगितलं तेच. एक शब्द बोलले नाही."

पेजवर आता ती तेलाच्या गुणांना उत्तर देत नाही. पार्सल मिळालं म्हटलं तर "छान" लिहिते, बोटं, रक्तदाब, पोट यांच्याबद्दल कुणी काही लिहिलं की ते काढते आणि त्या माणसाला स्वतः फोन करते. दिवसाचा बराच वेळ त्यात जातो. ज्यांना पटतं त्यांना पटतं. केर्स्टिनच्या पेजवरही अलीकडे "छान" दिसायला लागलं आहे. गिऱ्हाईक थोडं तिच्याकडे परत गेलं. जाऊ दे.

रोस्टॉकहून फोन नाही, ऑर्डर नाही, अख्खा उन्हाळा. गिझेला नाव काढायची नाही, पण पार्सलांच्या याद्या बघताना तिचं बोट तिथं थांबायचं. थंडी सुरू झाली तेव्हा एक पाकीट आलं. आत लोकरीचे हातमोजे, राखाडी, मनगटाला निळी नक्षी, टाके असे बारीक आणि सारखे की आमच्या गावात एवढं विणणारं कुणी नाही. चिठ्ठी नव्हती. गिझेलाने ते घातले, काढले, पुन्हा घातले, मग नाक शिंकरायला आतल्या खोलीत गेली.

मी म्हटलं, फोटो काढून पेजवर टाकू. ती म्हणाली, खबरदार.

तर हातमोजे घाण्याच्या दारामागे खिळ्याला टांगलेले आहेत. कुणी विणले विचारलं तर गिझेला म्हणते, एका गिऱ्हाइकाने, आणि बाटलीला बूच लावते. तेलाने बोटं सुटतात की नाही हे मीही इथं लिहिणार नाही, मी तिचा नोकर आहे. कुणाला टाके बघायचे असतील तर त्याने येऊन बघावेत.